तुम्ही विचारलंत म्हणून: अमेरिकेतल्या सरकारी शाळेत मुलं काय पितात?

मंडळाच्या कार्यक्रमात म्हणा, पार्कमध्ये म्हणा, नव्याने इकडे आलेले आईबाबा भेटले की हे विचारतातच, "शाळेत ते व्हेंडिंग मशीन आहे ना, त्यातून पोरं कोक-पेप्सी पितात का हो? शाळा काही बघते की नाही?" आणि भारतातून आमच्या जाऊबाईंचा फोन आला की त्यांचाही हाच प्रश्न, वर "अमेरिकेत काय, सगळंच चालत असेल" हे असतंच. उभ्या उभ्या अर्धवट सांगितलं जातं, म्हणून आज नीट बसून लिहिते.

सरळ उत्तर आधी. नाही, साखरेचा कोक शाळेच्या वेळात सरकारी शाळेत विकता येत नाही. ज्या शाळा केंद्राच्या लंच प्रोग्रॅममध्ये (केंद्राच्या मदतीने शाळेत जेवण देण्याच्या योजनेत) आहेत, म्हणजे जवळजवळ सगळ्याच सरकारी शाळा, त्यांना हा नियम जुलै २०१४ पासून लागू आहे, स्मार्ट स्नॅक्स म्हणतात त्याला. प्राथमिक आणि मिडल स्कूलला साधं पाणी, दूध आणि शंभर टक्के फळांचा ज्यूस, बस एवढंच. प्राथमिकला दूध-ज्यूस ८ औंसापर्यंत म्हणजे साधारण २४० मिली, मिडलपासून पुढे १२ औंस म्हणजे ३५५ मिली. कॅफीन हायस्कूलच्या आधी नाही. हायस्कूलला जरा सूट आहे, तिथे १२ औंसात ६० कॅलरीपर्यंतचं पेय चालतं आणि कॅलरी नसलेलं पेय तर २० औंसांच्या बाटलीतही चालतं, म्हणजे केंद्राच्या नियमात डाएट सोडा (इथे कोल्ड्रिंकला सोडा म्हणतात, हा बिनसाखरेचा) बसतो. राज्यं याहून कडक नियम करू शकतात आणि काहींनी केलेतही.

आता हा नियम आला कसा ते मला आवर्जून सांगायचंय, कारण ते कळलं की मशीनकडे बघायची नजरच बदलते. नव्वदच्या दशकात शाळांना पैशाची चणचण होती आणि कोल्ड्रिंक कंपन्या डिस्ट्रिक्टशी, म्हणजे एका भागातल्या सगळ्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेशी, करार करायच्या, तुमच्या सगळ्या शाळांत फक्त आमचाच माल, त्याबदल्यात इतके इतके डॉलर. कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या एका डिस्ट्रिक्टने १९९७ मध्ये कोका-कोलाशी दहा वर्षांचा, ८० लाख डॉलर्सचा करार केला. करारात खपाचं टार्गेट होतं, ७०,००० खोके. खप कमी पडायला लागला तेव्हा १९९८ मध्ये डिस्ट्रिक्टच्या एका अधिकाऱ्याने मुख्याध्यापकांना पत्र लिहिलं, की मशीन अशा जागी ठेवा जिथे मुलांना दिवसभर जाता येईल, दिवसभर विकत घेऊ द्या, वर्गात सोडा चालत नसेल तर निदान ज्यूस आणि चहा तरी आत नेऊ द्या. पत्राखाली सही काय होती, तर "द कोक ड्यूड". मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला संताप आला, आजही येतो. मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी असलेला माणूस मुख्याध्यापकांना कोल्ड्रिंकचा खप वाढवायला सांगतोय! पण त्याच्या डिस्ट्रिक्टला पैसे कमी पडत होते हेही तितकंच खरं, आणि ते कुणी मनावर घेत नव्हतं.

सरकारने आधी काही केलंच नाही असं नाही, पण कोल्ड्रिंकवाल्यांची संघटना कोर्टात गेली आणि १९८३ मध्ये निकाल असा लागला की शाळेच्या जेवणाचा कार्यक्रम चालवणाऱ्या शेतीखात्याची सोड्यावरची बंदी फक्त जेवणाच्या जागेत आणि जेवणाच्या वेळेपुरती चालेल. म्हणजे कॅफेटेरियात कोक नाही आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की मशीन उभं! हे बदलणारा कायदा यायला सत्तावीस वर्षं गेली. मधल्या काळात लॉस एंजेलिसच्या शाळांच्या बोर्डाने २००२ मध्ये आपल्यापुरता सोडा बंद करायचा निर्णय घेतला, मग २००३ मध्ये कॅलिफोर्नियाने प्राथमिक आणि मिडल स्कूलसाठी कायदा केला आणि २००५ मध्ये हायस्कूलसाठी. केंद्राला अख्ख्या आवारासाठी आणि अख्ख्या शाळेच्या दिवसासाठी नियम करायचा अधिकार मिळाला तो डिसेंबर २०१० च्या कायद्याने.

म्हणून कुणी "सरकारला काय करायचंय, मुलांना काय पाजायचं ते आईबाप बघतील" असं म्हटलं की मी वाद घालते. हा नियम तुमच्या डब्याला हात लावत नाही. घरून काहीही द्या, केंद्राचा नियम फक्त शाळा जे विकते त्याला आहे. वेळेचीही हद्द आहे, आदल्या मध्यरात्रीपासून शाळा सुटल्यावर अर्ध्या तासापर्यंत. संध्याकाळच्या फुटबॉल मॅचला तिथेच सगळं विकता येतं, आणि रस्त्यापलीकडच्या दुकानाशी नियमाचा काही संबंध नाही. जाऊबाईंना मी हे सांगते तेव्हा त्यांना नवल वाटतं, कारण भारतात एफएसएसएआयच्या (सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) २०२० च्या नियमात शाळेच्या फाटकापासून ५० मीटरपर्यंत जास्त साखर-मीठ-चरबीचे पदार्थ विकायला मनाई आहे. कागदावर आपला नियम लांबवर पोचतो, अंमलबजावणी किती होते ते तुम्ही शाळा सुटायच्या वेळेला फाटकाबाहेर उभं राहून बघा.

तर मग सगळं छान झालं का? माझं मत आहे की नाही, आणि त्याचं कारण ज्यूस. आमच्या लेकीच्या मिडल स्कूलमधल्या मशीनमध्ये वरच्या रांगेत पाणी आहे आणि खालच्या दोन रांगांत गॅसवाल्या ज्यूसचे रंगीत कॅन. शंभर टक्के ज्यूसमध्ये पाणी आणि गॅस घालायला परवानगी आहे, वरून साखर घातली नाही म्हणजे झालं. हातात धरला तर तो कॅन सोड्यासारखाच दिसतो, उघडताना आवाजही तोच. आता साखर बघा, कोकच्या १२ औंसांच्या कॅनमध्ये ३९ ग्रॅम आणि पाणी न घातलेल्या सफरचंदाच्या १२ औंस ज्यूसमध्ये साधारण ३५ ग्रॅमच्या आसपास. फळातली असली तरी शरीरात जाते ती साखरच, आणि फळातला चोथा ज्यूसमध्ये जवळजवळ उरत नाही. बालरोगतज्ज्ञांची जी इथली मोठी संघटना आहे, अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स, त्यांनी २०१७ मध्ये सांगितलंय की ७ ते १८ वयाला दिवसाला जास्तीत जास्त ८ औंस ज्यूस. आणि शाळेचं मशीन एका वेळेला १२ औंस विकू शकतं. हे मला अजिबात पटत नाही. त्यात शाळेच्या नाश्त्यात आणि जेवणात आठवड्याच्या फळांपैकी निम्म्यापर्यंत ज्यूस चालतो, कॅलिफोर्नियात तर २०२२-२३ पासून ते जेवण सगळ्याच मुलांना फुकट आहे आणि ते फार चांगलं झालं, पण सकाळी ज्यूस, दुपारी ज्यूस आणि मशीनमधून वर एक कॅन अशी मुलं असणारच ना.

चॉकलेट मिल्कचं मात्र थोडं मार्गी लागलंय, जुलै २०२५ पासून शाळेच्या जेवणातल्या ८ औंस फ्लेवरवाल्या दुधात वरून घातलेली साखर १० ग्रॅमच्या वर चालत नाही.

पण माझा सगळ्यात जास्त जीव तुटतो तो पाण्यासाठी. २०१० च्याच कायद्यात लिहिलंय की जेवणाच्या जागी पिण्याचं पाणी फुकट मिळालंच पाहिजे. मिळतं. पण कसं मिळतं? आमच्याकडे जिमजवळच्या नळाची धार इतकी बारीक आहे की बाटली तिरकी धरली तरी पाव भरते, पाणी कोमट, मागे पोरांची रांग आणि सुट्टी संपत आलेली. शेजारी मशीनमध्ये थंडगार कॅन. बारा वर्षांचं मूल काय करणार? शिवाय जुन्या पाइपांतल्या शिशाची भीती आहेच. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियाने २०१० च्या आधी बांधलेल्या सरकारी शाळांच्या पाण्याची शिशासाठी तपासणी करायला लावली ती उगाच नाही. घरातच "नळाचं पिऊ नको" ऐकलेलं असेल तर पाणी स्वच्छ निघालं तरी मूल तिकडे फिरकत नाही.

त्यामुळे मला विचाराल तर मशीनमध्ये काय आहे हे बघाच, पण त्याआधी नळ बघा. प्रत्येक डिस्ट्रिक्टची वेलनेस पॉलिसी, म्हणजे शाळेतल्या खाण्यापिण्याचं आणि मुलांच्या आरोग्याचं लेखी धोरण, असते, ती असणं केंद्राच्या कायद्याने सक्तीचं आहे आणि ती ठरवताना पालकांना भाग घ्यायची मुभा द्यावी लागते. मीटिंगा होतात, मी जाते, आपली माणसं तिथे फार कमी दिसतात. इंग्लिश अडतं म्हणून जात नसाल तर माझ्याबरोबर चला, मी बोलते. तिथे तीन गोष्टी विचारा: बाटली भरायचे थंड पाण्याचे नळ किती आणि कुठे आहेत, पाण्याच्या तपासणीचा रिपोर्ट कुठे बघायला मिळेल, आणि मशीनमधला ज्यूस १२ ऐवजी ८ औंसांवर आणता येईल का. शेवटचं डिस्ट्रिक्टला स्वतःच्या अधिकारात करता येतं, त्यासाठी वॉशिंग्टनची वाट बघायला नको. आमच्याकडे मी हा विषय लावून धरलाय, अजून झालेलं नाही, पुढच्या मीटिंगला पुन्हा मांडणार आहे.