पगार पौंडात, खर्चही पौंडात

इंग्लंडमधलं किमान वेतन एप्रिल २०२५ मध्ये तासाला १२.२१ पौंड झालं. हा आकडा नाशिकला फोनवर सांगितला की पलीकडे आधी गुणाकार होतो. चौदाशे रुपयांच्या वर! तासाला! मग दिवसाचे किती, महिन्याचे किती, आणि शेवटी मावशीचा ठरलेला प्रश्न: "मग तुमच्याकडची माणसं रडतात कशाला?" मावशी एकटी नाही. परदेशी नोकरीच्या एजंटची जाहिरात आली की नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हाच गुणाकार फिरायला लागतो. भाड्याला मात्र कुणी गुणत नाही.

मी लेस्टरला राहते आणि वृद्धांची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत पेरोल सांभाळते. माणसं किती तास राबली, त्यातले किती तास पगारात धरले गेले आणि कापाकापी होऊन खात्यात किती पडले, हे तिन्ही आकडे एकाच स्क्रीनवर दिसणारी या देशात जी थोडी माणसं असतील, त्यांतली मी एक. त्यामुळे मावशीला एकदा नीट हिशेब मांडून दाखवावा म्हणते.

आठवड्याला साडेसदतीस तास, म्हणजे पूर्णवेळ काम धरू. वर्षाचे २३,८०० पौंड झाले. त्यातून प्राप्तिकर, नॅशनल इन्शुरन्स आणि पेन्शनची कपात गेली की महिन्याला साडेसोळाशेच्या आसपास हातात येतात. आता खर्च. आमच्या भागात एका बेडरूमचं बरं घर आठशेच्या खाली मिळणं मुश्कील. कौन्सिल टॅक्स, म्हणजे इथली घरपट्टी, एकट्या माणसाला पाव सूट धरूनही शंभराच्या घरात जातो. गॅस-वीज नव्वद-पंच्याण्णव, पाणी पस्तीस, फोन आणि इंटरनेट मिळून चाळीस, बसचा पास सत्तर. किराणा दोनशे वीस, तोही बेलग्रेव्ह रोडवरच्या गुजराती दुकानातून दहा किलोची कणकेची पिशवी आणणाऱ्याला. सुपरमार्केटात संध्याकाळी किंमत उतरवल्याची पिवळी चिठ्ठी लागलेला माल उचलला तर आणखी थोडं कमी. बेरीज तेराशे साठ. उरले पावणेतीनशे-तीनशे. त्यात कपडे, चष्मा, दाताचा डॉक्टर आणि कधी नाशिकचं तिकीट काढायचं म्हटलं तर तेही.

म्हणजे भागतं. हे मी मुद्दाम आधी सांगते, कारण 'इकडे सगळे उपाशी मरतात' असंही चित्र नको. एकटा, धडधाकट, पूर्णवेळ काम असलेला, लंडनबाहेर राहणारा माणूस किमान वेतनावर तगतो. अडचण अशी की माझ्या यादीत असा माणूस शोधावा लागतो.

बहुतेकांची गाडी तासांवर अडते. आठवड्याला साडेसदतीसऐवजी अठ्ठावीस तास मिळाले की हातात तेराशेच्या आसपास येतात आणि वरची तेराशे साठची बेरीज तिथेच तुटते. आणि हे अठ्ठावीस तास म्हणजे अर्धा दिवस काम आणि उरलेला आराम असंही नाही. घरोघरी जाऊन देखभाल करणाऱ्या बायकांचा दिवस बघा. सकाळी सातला पहिली आजी: उठवणं, आंघोळ, गोळ्या, चहा-टोस्ट. अर्ध्या तासाची भेट. मग गाडी काढून पुढचे आजोबा. दहापर्यंत अशा चार-पाच भेटी. मग बाराला जेवणाची फेरी, आणि संध्याकाळी पाच ते आठ झोपवायची फेरी. मधले तास रिकामे. बाई सकाळी साडेसहाला घराबाहेर पडते, रात्री साडेआठला परत येते, आणि माझ्या स्क्रीनवर त्या दिवसाचे साडेपाच-सहा तास दिसतात. दोन भेटींमधला प्रवास किमान वेतनाच्या हिशेबात धरावा लागतो, असा कायदा आहे. पण मधे घरी जाऊन यायला पुरेल इतकी मोठी फट असली तर ती धरायची गरज नाही. वेळापत्रक आखणाऱ्याला हे पाठ असतं.

त्यात गाडी स्वतःची. कर न लागता मैलाला ४५ पेन्सपर्यंत भत्ता देता येतो. हा आकडा २०११ पासून तसाच आहे आणि तेवढाही सगळे मालक देत नाहीत. या देशात नव्याने लायसन्स काढलेल्याचा विमा वर्षाला हजार पौंडांच्या वर सहज जातो. वरच्या हिशेबातला सत्तरचा पास या बाईच्या उपयोगाचा नाही. पेट्रोलची पदरमोड वेगळीच.

दर मात्र वाढलेला आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. इथे किमान वेतन आलं ते एप्रिल १९९९ मध्ये, तासाला ३.६० पौंड. उद्योग बुडतील, नोकऱ्या जातील, अशी ओरड तेव्हा भरपूर झाली होती. तसं काही झालं नाही. २०१६ मध्ये ७.२० झालं, २०२५ मध्ये १२.२१, आणि ही वाढ महागाईच्या बरीच पुढे आहे. इथल्या राज्यकर्त्यांनी गेल्या पंचवीसेक वर्षांत केलेल्या बऱ्या कामांमध्ये मी हे धरते. तरीही हा दर ठरवताना मुख्यतः देशातल्या मधल्या पगाराच्या दोन तृतीयांश, अशी पट्टी लावली जाते. घरभाडं आणि किराणा जोडून काढलेला दर निराळा आहे. २००१ मध्ये पूर्व लंडनमधल्या लोकांनी त्यासाठी चळवळ सुरू केली. दोन-दोन नोकऱ्या करूनही पोरांचं तोंड दिसत नाही, ही तिथल्या सफाई कामगारांची तक्रार होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये तो दर लंडनबाहेर १३.४५ आणि लंडनमध्ये १४.८० पौंड ठरला. मालकाला वाटलं तर त्याने द्यावा, सक्ती नाही. सक्तीचा दर लंडनला आणि लेस्टरला एकच. लंडनमधली एक खोली आणि आमच्याकडचं आख्खं घर यांचं भाडं जवळपास सारखंच, हे त्या दराला ठाऊक नाही.

आणि कायदा असला म्हणजे तो पाळला जातोच असंही नाही. याच लेस्टरमध्ये कपड्यांच्या कारखान्यांत तासाला साडेतीन पौंडांवर शिवणकाम चालतं, अशा बातम्या २०२० मध्ये देशभर गाजल्या. तेव्हा किमान वेतन ८.७२ होतं. त्या कारखान्यांतल्या पुष्कळ बायका आपल्याच उपखंडातल्या.

वाढीचा एक हिस्सा सरकार परत घेतं, ते फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. कर न लागणारी मर्यादा २०२१ पासून १२,५७० पौंडांवर गोठवलेली आहे, आणि आता २०३१ पर्यंत ती तशीच राहणार. २०२१ मध्ये पूर्णवेळ किमान वेतनावरच्या माणसाला वर्षाला साधारण ९६० पौंड प्राप्तिकर बसायचा. आज बसतो बावीसशेच्या वर. कराचा दर एका टक्क्यानेही वाढवलेला नाही, त्यामुळे कर वाढवला असं म्हणायची सोयही नाही. अशी हातचलाखी कुठल्याच पक्षाला वर्ज्य नाही.

मग तुटलेली बेरीज जुळते कशी? ज्यांना हक्क आहे त्यांची युनिव्हर्सल क्रेडिट नावाच्या सरकारी मदतीने. ही मदत बेकारांसाठी असते असं आपल्याकडे वाटतं. प्रत्यक्षात ती घेणाऱ्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोक नोकरीवाले आहेत. सकाळी कामावर जायचं, पगार घ्यायचा आणि तो पुरत नाही म्हणून उरलेलं सरकारकडून घ्यायचं. कमी तास देणाऱ्या मालकाची उणीव करदाते भरून काढतात, असंही याकडे बघता येईल. मी तसंच बघते. ऑफिसात बोलत नाही.

पण या मदतीचं यंत्र फार हट्टी आहे. आमच्याकडे पगार दर चार आठवड्यांनी होतो, म्हणजे वर्षात तेरा वेळा. मदतीचा हिशेब मात्र महिन्याचा. त्यामुळे वर्षातून एकदा असा महिना येतो की दोन पगार एकाच खिडकीत पडतात. यंत्राला वाटतं, बाईची कमाई दुप्पट झाली. ते त्या महिन्याची मदत सहाशेच्या वर पौंडांनी कापतं. दोन मुलांची आई असलेल्या आमच्या एका कर्मचारी बाईंचा मला त्या सुमाराला फोन येतो. "पगार एक दिवस उशिरा टाकता येईल का?" उशिरा पगार मागणारी माणसं मी या नोकरीतच पाहिली. मला ते करता येत नाही. पगाराच्या दिवशीच किंवा त्याआधी कर खात्याला आकडे कळवावे लागतात आणि तेच आकडे तिकडे मदतीच्या खात्यात पोचतात. मग त्या ॲडव्हान्स विचारतात. तो दिला की पुढच्या पगारात तेवढाच खड्डा. तेरावा पगार बोनससारखा बाजूला ठेवावा, असा सल्ला देणारे लोक असतात. बाजूला ठेवण्याइतकं ज्यांच्याकडे असतं, त्यांना बहुतेक ही मदत लागत नाही.

ज्यांचं यानेही भागत नाही ते फूड बँकेत, म्हणजे गरजूंना फुकट शिधा मिळतो तिथे, जातात. ट्रसेल या सर्वांत मोठ्या साखळीने २०२४-२५ मध्ये सुमारे २९ लाख पाकिटं वाटली. आमच्या इमारतीच्या स्वयंपाकघरात तिच्या चिठ्ठ्या कशा मिळवायच्या, याचा कागद फ्रिजवर लावलेला आहे. शेजारी दूध कुणी संपवलं, याची तक्रार.

आता आपल्या मंडळींबद्दल, कारण हे वाचणाऱ्यांपैकी काहींची मुलं निघायच्या तयारीत असतील. व्हिसावर आलेल्याला वरची सरकारी मदत अजिबात नाही. व्हिसाच्या अटीतच तसं असतं. विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासच काम करता येतं. १२.२१च्या दराने महिन्याचे १,०६०च्या आसपास झाले. लंडनबाहेर शिकायला येणाऱ्याने महिन्याला १,१७१ पौंड खर्चाची तजवीज दाखवावी, असं इथलंच सरकार व्हिसा देताना सांगतं. म्हणजे परवानगी असलेलं सगळं काम केलं तरी सरकारी अंदाजाइतका खर्च निघत नाही. चार-पाच जणांत घर घेतलं, डबा घरचा ठेवला, अडीअडचणीला रविवारी गुरुद्वाऱ्यात लंगरला गेलं तर सातशे-साडेसातशेत राहता येतं, मुलं राहतातही. पण 'तिथे नोकरी करून फी भरेल' हे वाक्य ज्या घरात बोललं जातं, तिथे शैक्षणिक कर्जाचा हप्ता शेवटी वडिलांच्याच पगारातून जातो.

देखभालीच्या व्हिसावर आलेल्यांची गत आणखी अवघड. फेब्रुवारी २०२२ मध्ये तो मार्ग उघडला तेव्हा केरळपासून झिंबाब्वेपर्यंतची माणसं आली, घरदार विकून, एजंटला लाखो रुपये मोजून. मार्च २०२४ पासून नव्या येणाऱ्यांना कुटुंब आणायला बंदी आली आणि जुलै २०२५ मध्ये परदेशातून नवी भरतीच बंद झाली. जे आले, त्यांतल्या कित्येकांना कागदावर पूर्णवेळ होतं आणि हातात पडले आठवड्याला पंधरा-वीस तास. मालक बदलायचा तर नवा प्रायोजक शोधायचा, त्यालाही मुदत. म्हणून एजंट दर सांगायला लागला की त्याला तासांचं विचारा: किती, लेखी आहेत का, आणि एखाद्या आठवड्यात काम नसलं तरी पैसे मिळणार का. गप्प बसला तर समजून जा.

एप्रिल २०२६ पासूनचा दर १२.७१. पन्नास पेन्सची वाढ. मावशीच्या गुणाकाराने तासाला साठ रुपये जास्त, वाईट नाही. आठवड्याला अठ्ठावीस तासांवरच्या त्या दोन मुलांच्या आईला वर्षाचे ७२८ पौंड वाढतील. कर, इन्शुरन्स आणि पेन्शन जाऊन महिन्याला चाळीसेक राहतील. मग हातातल्या प्रत्येक वाढीव पौंडामागे मदत ५५ पेन्सने कमी होते, म्हणून तिच्यापर्यंत पोचतील अठरा-एकोणीस. कौन्सिल टॅक्स आणि पाण्याचं बिलही एप्रिलमध्येच वाढतं.