लेन्सचा नंबर चुकतो कुठे

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पेशंटला ध्यानीमनी नसताना दीड-दोन नंबर आला, की पहिला प्रश्न ठरलेला: डोळ्यात बसवायच्या कृत्रिम लेन्सची पॉवर काढायला फॉर्म्युला कुठला लावला होता? प्रश्न बरोबर आहे, पण तो शेवटी विचारावा. सर्वसाधारण मापाच्या डोळ्यात बॅरेट आणि केन या आजच्या दोन फॉर्म्युल्यांच्या उत्तरांत पाव डायॉप्टरचा (डायॉप्टर म्हणजे लेन्सच्या पॉवरचं आणि चष्म्याच्या नंबरचं एकक) फरकसुद्धा क्वचितच पडतो. उलट डोळ्याची लांबी मोजणाऱ्या ए-स्कॅनचा प्रोब कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, जरा दाबला गेला, तर नुकसान त्याहून मोठं होतं आणि कुठलाही फॉर्म्युला ते भरून काढू शकत नाही.

किती मोठं, ते तोंडी हिशोबाने पाहता येतं. एसआरके हा १९८० च्या सुमाराचा फॉर्म्युला आज प्रत्यक्ष वापरू नये, पण अंदाज घ्यायला तो अजूनही चांगला. लेन्सची पॉवर = ए कॉन्स्टंट (लेन्सच्या मॉडेलप्रमाणे ठरलेला आकडा) − (२.५ × डोळ्याची लांबी मिमीमध्ये) − (०.९ × कॉर्नियाची पॉवर). कॉन्स्टंट ११८.४, लांबी २३.५ मिमी आणि कॉर्निया ४३.५ डायॉप्टर धरला, तर ११८.४ मधून ५८.७५ आणि ३९.१५ वजा जाऊन उरतात २०.५. आता तीच लांबी चुकून २३.२ मोजली गेली असं समजा. उत्तर येतं २१.२५. डोळ्यात पाऊण डायॉप्टर जास्तीची लेन्स बसली. लेन्समधला एक डायॉप्टर चष्म्याच्या जागी साधारण ०.७ भरतो, म्हणजे पेशंटला अर्धा मायनस नंबर फुकटचा मिळाला, तोही मिलिमीटरच्या एक तृतीयांशाहून कमी चुकीपायी. डोळा आखूड असेल तर याच चुकीची किंमत वाढते, लांब असेल तर घटते.

कृत्रिम लेन्सची सुरुवातच अशा चुकीने झाली होती. १९४९-५० मध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी लंडनमध्ये पहिली लेन्स बसवली. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, पण पेशंटचा नंबर मायनस वीसच्या आसपास निघाला. नैसर्गिक भिंगाचा आकार डोळ्यासमोर ठेवून लेन्स घडवली होती. ॲक्रिलिक मात्र नैसर्गिक भिंगापेक्षा प्रकाश बराच जास्त वाकवतं, ते हिशोबात बसलं नव्हतं.

तर लांबी. ध्वनिलहरींवर चालणारा ए-स्कॅन लांबी थेट मोजत नाही. तो वेळ मोजतो आणि त्याला वेगाने गुणतो. डोळ्यातल्या पाण्यात आणि व्हिट्रिअसमध्ये (भिंगामागच्या जेलीत) वेग सेकंदाला १५३२ मीटर धरतात, कॉर्नियात आणि भिंगात १६४१, आणि भिंग जागेवर असलेल्या डोळ्यासाठी सरासरी १५५० च्या आसपास. म्हणून मशीन कुठल्या मोडवर आहे, हे आधी पाहायचं. आदल्या पेशंटसाठी लावलेला ‘ॲफेकिक’ (भिंग नसलेल्या डोळ्याचा) मोड तसाच राहणं ही नेहमीची गडबड. डोळ्यात सिलिकॉन ऑइल असेल तर वेग ९८० च्या घरात उतरतो. मोड बदलला नाही तर डोळा भलताच लांब दिसतो.

कॉन्टॅक्ट पद्धतीत प्रोब थेट कॉर्नियाला टेकतो, त्यामुळे ०.१ ते ०.३ मिमी दाब सहज पडतो. इथे बरेच जण सरासरीवर विसंबतात: दहा रीडिंग घेतली, सरासरी काढली, काम झालं. पण दाबाची चूक एकाच बाजूला जाते. दाबाने डोळा आखूडच होतो, लांब कधी होत नाही, त्यामुळे सरासरीने ती निघून जात नाही, उलट पक्की होते. प्रत्येक रीडिंगमधली अँटेरिअर चेंबरची (कॉर्निया आणि भिंग यांच्यामधल्या पोकळीची) खोली बघा. लांबी कमी आणि चेंबरही उथळ असं जिथे दिसेल, तिथे दाब पडलाय. ते रीडिंग पुसून टाका. जमत असेल तर इमर्शन पद्धतच वापरावी. पापण्यांमध्ये छोटा कप बसवून त्यात सलाइन भरतात, प्रोब त्या पाण्यात राहतो, कॉर्नियाला लागतच नाही. कपात हवेचा बुडबुडा मात्र राहू देऊ नका.

रीडिंग स्वीकारण्याआधी पडद्यावरचा आलेख नीट बघायचा असतो. इमर्शनमध्ये कॉर्नियाचा दुहेरी स्पाइक (प्रतिध्वनीचा उभा सुळका), मग भिंगाचा पुढचा आणि मागचा, मग रेटिनाचा, त्यामागे स्क्लेरा (डोळ्याचं पांढरं कवच), आणि शेवटी डोळ्यामागच्या चरबीचे हळूहळू उतरत जाणारे स्पाइक. रेटिनाचा स्पाइक बुडापासून सरळ उभा चढला पाहिजे. पायऱ्या-पायऱ्यांनी किंवा तिरका चढत असेल तर ध्वनीचा किरण तिरका गेलाय. स्क्लेरा आणि चरबीचे स्पाइक गायब असतील तर किरण ऑप्टिक नर्व्हवर पडलाय, मॅक्युलावर (रेटिनाच्या सर्वांत स्पष्ट नजरेच्या मधल्या भागावर) नाही. मोतीबिंदू खूप पिकलेला असला की भिंगाच्या आतूनच प्रतिध्वनी येतात आणि त्यातल्या एखाद्याला मशीन भिंगाची मागची कड समजून बसतं. खुणेची रेघ हाताने योग्य स्पाइकवर न्यावी लागते.

प्रकाशावर चालणारे बायोमीटर १९९९ पासून बाजारात आले आणि यातली निम्मी डोकेदुखी गेली. स्पर्श नाही, दाब नाही, आणि पेशंट दिव्याकडे बघत असल्याने मोजमाप मॅक्युलापर्यंतच होतं. जास्त मायनस नंबरच्या डोळ्यात मागची भिंत फुगलेली असते, तिथे हा फायदा फार मोठा. ए-स्कॅन फुगवट्याचा सर्वांत खोल बिंदू पकडतो, जो मॅक्युला असेलच असं नाही. पण पेशंटला दिवाच दिसत नसेल, किंवा मोतीबिंदू पांढराशुभ्र झाला असेल, तर प्रकाश आत पोचत नाही. तेव्हा परत इमर्शनकडे. म्हणून महागडं मशीन आलं तरी ए-स्कॅन करणारा हात तयार ठेवावाच लागतो.

कॉर्नियाचं माप सोपं वाटतं, म्हणून त्याकडे दुर्लक्ष होतं. केराटोमीटर वक्रतेची त्रिज्या मोजतो; ३३७.५ ला त्या त्रिज्येने भागलं की पॉवर मिळते. त्रिज्या ७.५ मिमी तर पॉवर ४५. इथे एका डायॉप्टरची चूक जवळजवळ तेवढ्याच चुकीच्या रूपात चष्म्यात उतरते. सर्वांत मोठा शत्रू कोरडा डोळा. अश्रूंचा थर तुटला की कॉर्नियावर पडणारी केराटोमीटरची रिंग वेडीवाकडी दिसते आणि दोन रीडिंग जुळत नाहीत. अशा डोळ्याला आधी काही आठवडे उपचार द्या, मग माप घ्या. बधिर करायचे थेंब, बाहुली मोठी करायचे थेंब, डोळ्याचं प्रेशर तपासणं, सगळं मापानंतर. सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स किमान आठवडाभर आधी बंद. कडक लेन्स वापरणाऱ्याला दोन-तीन आठवडे थांबवून माप घ्यायचं, काही दिवसांनी परत घ्यायचं, आणि दोन्ही जुळेपर्यंत तारीख द्यायची नाही. पेशंट कुरकुर करतात. करू द्यावी.

मापं चोख झाली की मग फॉर्म्युला. फॉर्म्युल्याचं खरं काम एकच: ऑपरेशननंतर लेन्स कॉर्नियापासून किती मागे बसेल याचा अंदाज. ते आधी मोजता येत नाही, म्हणून फॉर्म्युले वेगवेगळे. संशोधक स्वेर्कर नॉर्बी यांनी २००८ मध्ये नंबर चुकण्यात कशाचा किती वाटा ते काढलं, त्यात लेन्सच्या जागेच्या अंदाजाचा वाटा सर्वांत मोठा निघाला, ३५ टक्के. लांबीच्या मापाचा १७. पण ही आकडेवारी मापं नीट घेतलेल्या ठिकाणाची, हे विसरायचं नाही. जुन्या फॉर्म्युल्यांपुरतं बोलायचं तर २२ मिमीपेक्षा आखूड डोळ्याला हॉफर क्यू, २६ च्या पुढे एसआरके/टी, अशी वाटणी शिकवली जायची. आज बॅरेट युनिव्हर्सल २ किंवा केन सरसकट लावा आणि आखूड-लांब डोळ्यांत दोघांची उत्तरं ताडून बघा. फार आखूड डोळ्यात कुठलाही फॉर्म्युला चुकू शकतो, ते पेशंटला आधीच सांगून ठेवावं.

लेसिक झालेला डोळा हे वेगळंच प्रकरण. मायनस नंबर घालवण्यासाठी कॉर्निया मधोमध सपाट केलेला असतो. केराटोमीटर त्या मधल्या भागाच्या बाहेरच्या कड्यावर मोजतो, म्हणून कॉर्निया आहे त्याहून जोरदार दिसतो. कॉर्नियाच्या पुढच्या आणि मागच्या बाजूंचं नेहमीचं प्रमाण बिघडलेलं असतं, त्यामुळे ३३७.५ हा आकडाच लागू पडत नाही. वर सपाट कॉर्निया पाहून जुने फॉर्म्युले लेन्स पुढे बसेल असं धरतात. तिन्ही चुका एकाच दिशेच्या: लेन्स कमी पॉवरची निवडली जाते आणि पेशंट प्लसमध्ये जातो. बॅरेट ट्रू-के किंवा हैगिस-एल हे फॉर्म्युले यासाठीच आहेत. पण ते लावायला लेसिक झालंय हे कळायला हवं, आणि वीस वर्षांपूर्वीचं लेसिक पेशंट आपणहून सांगत नाही. कॉर्नियाची पॉवर ४० च्या खाली दिसली की विचारा.

आता मशीनचा कागद. एका बाजूला लेन्सची पॉवर, समोर अपेक्षित चष्मा: २०.५ समोर +०.१०, २१.० समोर −०.२४, २१.५ समोर −०.५९. शून्याच्या सर्वांत जवळचं म्हणून २०.५ उचलायचा मोह होतो. दूरची नजर हवी असलेल्या बहुतेक पेशंटना २१ चांगली. कृत्रिम लेन्स फोकस बदलत नाही, त्यामुळे प्लसकडे झुकलेला डोळा दूरचंही धूसर बघतो आणि जवळचंही. थोडा मायनस राहिला तर निदान मधल्या अंतरावरचं स्वच्छ दिसतं. शिवाय लेन्सच्या डबीवरच्या आकड्यालाही सवलत असते: आयएसओ मानकात १५ ते २५ डायॉप्टरच्या लेन्सला ०.४ इकडे-तिकडे चालतं.

पण शून्याचं लक्ष्य सगळ्यांचं नसतं, आणि इथे पेशंटशी बोलण्यावाचून इलाज नाही. आयुष्यभर मायनस तीन असलेला माणूस चष्मा काढून वाचतो. त्याला शून्यावर आणलं तर दूरचं लख्ख दिसेल, पण वाचायला चष्मा लागेल, आणि माप अचूक असूनही तो नाराज होईल. त्याचा दुसरा डोळा मायनस सहा असेल आणि त्याचं ऑपरेशन लगेच व्हायचं नसेल, तर पहिला शून्यावर नेल्यावर दोन डोळ्यांत सहाचा फरक पडतो. तीनच्या पुढचा फरक चष्म्याने बहुतेकांना सोसत नाही. एक डोळा दूरसाठी आणि दुसरा −१.२५ च्या आसपास जवळसाठी, ही वाटणी काहींना फार छान जमते. आधी कॉन्टॅक्ट लेन्स लावून तिची चाचणी करता येते.

कागदावरचे काही आकडे बघितले की थांबायचं. दोन डोळ्यांच्या लांबीत ०.३ मिमीपेक्षा जास्त फरक, कॉर्नियात एक डायॉप्टरहून जास्त, लेन्सच्या पॉवरमध्ये एकहून जास्त. असं दिसलं तर दुसऱ्या माणसाने पुन्हा मोजायचं, आणि जुन्या चष्म्याशी ताडून बघायचं. डावा डोळा जन्मभर उजव्यापेक्षा तीन नंबर मायनस असेल तर एक मिमी फरक खराच आहे. दोन्ही चष्मे सारखे असतील तर मोजमापात घोळ आहे.

कॉन्स्टंट लेन्सच्या मॉडेलगणिक बदलतो, आणि एकाच मॉडेलचा प्रकाशाच्या मापासाठी वेगळा, ए-स्कॅनसाठी वेगळा. डबीवर छापलेला बहुधा ए-स्कॅनचा असतो. तो प्रकाशाच्या मशीनमध्ये भरला तर सगळेच पेशंट एका बाजूला सरकतात. एकेक चुकलेला पेशंट सापडतो, पण सगळे थोडेथोडे सरकले तर महिनोन्महिने कळत नाही.

ऑपरेशन चालू असताना मागची कॅप्सूल (नैसर्गिक भिंगाची पातळ पिशवी) फाटली आणि लेन्स पिशवीऐवजी सल्कसमध्ये (पिशवीच्या पुढच्या, बुबुळामागच्या खाचेत) ठेवावी लागली, तर लेन्स पुढे येते आणि तिचा जोर वाढतो. म्हणून पॉवर कमी करायची: १८ ते २८ च्या लेन्सला एक डायॉप्टर, त्याहून जोरदारला दीड, साधारण १० ते १७ ला अर्धा, ९ च्या खाली काहीच नाही. ऑप्टिक (लेन्सची मधली चकती) रेक्सिसमध्ये (कॅप्सूलला पुढून पाडलेल्या गोल भोकात) अडकवता आली तर कमी करायची फारशी गरज उरत नाही. अँटेरिअर चेंबरच्या लेन्सचा कॉन्स्टंटच वेगळा, ११५ च्या आसपास, म्हणजे पॉवर सुमारे तीनने कमी. हा हिशोब कॅप्सूल फाटल्यावर करत बसू नका. सल्कसचा आणि अँटेरिअर चेंबरचा आकडा आधीच कागदावर लिहून ठेवा. चिरा देण्याआधी पेशंटचं नाव, कुठला डोळा, मॉडेल आणि पॉवर मोठ्याने वाचून डबीशी जुळवा. दुसऱ्याच पेशंटचा कागद फाइलला लागलेला असणं, हे फॉर्म्युल्याच्या कुठल्याही चुकीपेक्षा जास्त नंबर चुकवतं.

दुसऱ्या डोळ्याची वेळ आली की पहिल्याचा निकाल वापरा. अपेक्षा −०.२५ ची आणि आला −१.००, म्हणजे पाऊण डायॉप्टरची चूक. दोन्ही डोळ्यांची मापं सारखी असतील तर यातली निम्मी चूक दुसऱ्या डोळ्याच्या लक्ष्यात वळती करा, पूर्ण नको. त्याआधी पहिल्या डोळ्याचा चष्मा पुन्हा तपासा. नॉर्बींच्या त्याच वाटणीत ऑपरेशननंतरचा चष्मा काढण्यातली चूक २७ टक्के होती.