तुम्ही विचारलंत म्हणून: ही कंपनी कुणाची?

"नफा घ्यायचाच नव्हता, तर कंपनी कशाला काढलीत? सरळ संस्था नोंदवायची!" वर्षातून आठ-दहा जण तरी मला हे विचारतात. त्यातले बरेचसे स्वतःच काहीतरी सुरू करायच्या विचारात असतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आम्ही दिव्यांगांची साधनं दुरुस्त करतो. व्हीलचेअर, तीनचाकी सायकली, कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्टी), कुबड्या. शिबिरात नवीकोरी व्हीलचेअर मिळते. वर्षभरात पुढचं चाक निखळतं, ब्रेक लागेनासा होतो, बैठकीचं रेक्झिन फाटतं आणि खुर्ची पडवीत धूळ खात पडते. माणूस पुन्हा खाटेवर. नवी खुर्ची द्यायला दाते पुढे येतात, जुनीचं बेअरिंग बदलून द्यायला कुणी येत नाही. हे काम करायचं असं आम्ही दोघींनी ठरवलं, तेव्हा आमच्याकडे होता एक भाड्याचा गाळा आणि एक मेकॅनिक.

महाराष्ट्रातली नेहमीची वाट अशी: सात जण जमवायचे, १८६०च्या कायद्याखाली संस्था नोंदवायची आणि १९५०च्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे सार्वजनिक न्यास म्हणून तिची नोंद करायची. ही वाट चांगलीच आहे, कितीतरी मोठी कामं तिच्यावरूनच उभी राहिली. पण आमच्याकडे सात माणसं नव्हती. पाच नावं नुसती कागदापुरती घालायची, हे मनाला पटेना. कंपनी कायदा, २०१३च्या कलम ८खाली (नफा वाटून न घेणाऱ्या कंपन्यांसाठीचं कलम) खासगी स्वरूपाची कंपनी दोन संचालक आणि दोन सभासदांवर उभी राहते. किमान भांडवलाची अट नाही. नावापुढे 'प्रायव्हेट लिमिटेड' लागत नाही, नावात 'फाउंडेशन'सारखा शब्द येतो. (जुनी माणसं अजून 'कलम २५ची कंपनी' म्हणतात, ते १९५६च्या कायद्यातलं कलम.) शिवाय कंपनीचा ताळेबंद सरकारी पोर्टलवर जातो, ठरलेलं शुल्क भरून तो कुणालाही पाहता येतो. आपण लोकांकडे पैसे मागणार, तर ते हवंच होतं.

नोंदणीला फार घाबरू नका. डिजिटल सही, नावाची मंजुरी, अर्ज हे सगळं चांगला सीएस, म्हणजे कंपनी सेक्रेटरी, करून देतो. एक कागद मात्र त्याच्यावर सोपवू नका: पुढच्या तीन वर्षांच्या जमाखर्चाचा अंदाज. बरेच जण तिथे गोल आकडे टाकून मोकळे होतात. आम्ही तीन संध्याकाळी त्यावर बसलो आणि तेव्हा कळलं, की आमचा मोठा खर्च चाकं आणि बेअरिंग हा नाहीच, तो पेट्रोलचा आहे. ज्याची खुर्ची मोडली आहे तो आमच्याकडे येणार कसा? आम्हालाच जावं लागणार. सगळं काम त्या आकड्यावरून नव्याने आखलं.

दुसरा महत्त्वाचा कागद मेमोरँडम, म्हणजे कंपनीची उद्दिष्टं आणि अटी लिहिलेली घटना. मिळकत उद्दिष्टांसाठीच वापरायची, सभासदांना लाभांश नाही. कंपनी बंद झाली तर देणी भागवून उरलेलं आपल्याला मिळत नाही. ते तशाच उद्दिष्टांच्या दुसऱ्या कलम ८ कंपनीला जातं, नाहीतर कायद्याने नेमलेल्या निधीत जमा होतं. सल्ला मागायला आलेल्यांना हा भाग मी मोठ्याने वाचायला लावते. एका मुलाने वाचून विचारलं, "म्हणजे दहा वर्षं राबलो तरी ही कंपनी माझी नाही?" नाही, बाळा. त्याने महिनाभर विचार केला आणि साधी प्रायव्हेट लिमिटेड काढली. कारागिरांना आज तो चांगली मजुरी देतो. त्याने योग्यच केलं असं मला मनापासून वाटतं.

"मग तुमचं घर कशावर चालतं?" हेही विचारतात, थोडं संकोचून. सभासद म्हणून काहीही घेता येत नाही. प्रत्यक्ष केलेल्या कामाचा वाजवी मोबदला मात्र घेता येतो. पहिली दोन वर्षं मी पगार घेतला नाही, कारण घरात नवऱ्याचा पगार येत होता. ज्यांच्या पाठीशी असं कुणी नाही, त्यांनी आपला पगार पहिल्या दिवसापासून अंदाजपत्रकात धरावा. फुकट राबणं हीच सेवा मानली, तर हे काम फक्त खाऊनपिऊन सुखी घरांतली माणसंच करत राहतील.

कस लागतो तो पहिल्या तीन वर्षांत. मोठ्या कंपन्यांच्या सीएसआर निधीसाठी (कायद्याने सामाजिक कामावर खर्च करायचे पैसे) आमच्यासारख्यांना आयकर खात्याच्या दोन नोंदण्या, म्हणजे आपल्याला करमाफी देणारी आणि देणगीदाराला करसवलत देणारी (बारा-ए, ऐंशी-जी या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या), आणि किमान तीन वर्षांच्या कामाचा पुरावा लागतो. परदेशी देणगीच्या नोंदणीसाठीही साधारण तीन वर्षं आणि तेवढ्या काळात कामावर केलेला १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो. तोवर ओळखीपाळखीच्या लहान देणग्यांवरच निभवायचं. एक निवृत्त शिक्षक पाच हजार रोख घेऊन आले. दोन हजारांवर रोख दिलीत तर करसवलत मिळणार नाही, चेक द्या, असं मी सांगितलं. "सवलत नको, पावती मात्र नावानिशी दे," म्हणाले. त्या पावतीची स्थळप्रत मी अजून जपून ठेवली आहे.

आणि कागद वेळेवर भरा. उलाढाल कितीही लहान असो, ऑडिट चुकत नाही. सहा महिन्यांतून किमान एक संचालक सभा, वार्षिक सभा, मग ताळेबंद आणि वार्षिक विवरणाचे दोन फॉर्म. उशीर झाला तर प्रत्येक फॉर्ममागे रोज शंभर रुपये. दुसऱ्या वर्षी आम्ही ६१ दिवस चुकलो, १२,२०० रुपये झाले. दुरुस्तीसाठी दिलेल्या देणगीतून ते भरायचे, ही कल्पनाच सहन होईना. आम्ही दोघींनी आपापल्या बचतीतून भरले.

मागे एका कंपनीने चाळीस नव्या खुर्च्या देऊ केल्या. आम्ही म्हटलं, तीस द्या, उरलेल्या पैशांत या तिसांची दोन वर्षं देखभाल करू. तीन बैठका झाल्या. शेवटी त्यांच्यातलीच एक अधिकारी गाळ्यावर आली, मोडक्या खुर्च्यांची रांग बघितली, आणि मान्य केलं.

गेल्या वर्षी आम्ही तिसरी संचालक घेतली. सात वर्षांपूर्वी तिची तीनचाकी सायकल आमच्याकडे दुरुस्तीला आली होती. आता ती बँकेत नोकरी करते. पहिल्याच सभेत तिने ताळेबंद पुढ्यात ओढला, चष्मा लावला आणि मला विचारलं, "ताई, पेट्रोलचा खर्च एवढा वाढला, पण भेटी दिलेली गावं तेवढीच कशी?" मी लॉगबुक आणायला उठले.