तोटा किती आला होता?

'तुम्ही एवढं उदास का वाचता? मन खचत नाही का?' वाचनालयात कुणी ना कुणी हे विचारतंच. घरात सून विचारते. काल रिक्षावाल्यानंही विचारलं, म्हणून आता उत्तर लिहूनच ठेवते.

आधी 'उदास' या शब्दाबद्दल. तुकोबा म्हणतात, 'जोडोनिया धन उत्तम वेव्हारे, उदास विचारे वेच करी', आणि तिथं उदास म्हणजे रडवेला नव्हे, मन न गुंतवलेला. पण तुम्हाला ते विचारायचं नसतं, ठाऊक आहे मला.

अण्णा मिलमध्ये मागावर होते. मिल बंद पडली तेव्हा मी आठवीत होते. आई आधीपासून विड्या वळायची. मग घर तिच्या विड्यांवरच चालू लागलं. दिवसाला हजार विड्या व्हायला हव्यात तर पानं कापायला आणखी दोन हात लागायचे. अण्णा कात्री आणि पत्र्याचा फर्मा घेऊन बसायचे, पण त्याआधी उठून दार लावून घ्यायचे. मे महिन्यातसुद्धा. सोलापूरचा मे, पत्र्याचं घर आणि लावलेलं दार! आत भिजवलेल्या पानांचा वास कोंडायचा. आई एकदाच म्हणाली, 'उघडा की ओ, जीव जातोय.' अण्णा काही बोलले नाहीत. तशी त्यांनी तेव्हा बोलणंच सोडलं होतं.

शाळेत आम्हाला कुंजविहारींची 'भेटेन नऊ महिन्यांनी' शिकवली होती. आपल्या सोलापूरचाच कवी. फाशी जाणारा मुलगा आईला सांगतो, तुझ्याच पोटी परत येईन. 12 जानेवारी 1931 ला इथल्या चौघा स्वातंत्र्यसैनिकांना फाशी झाली, त्या गावात ही कविता ऐकून रडू येणारच, मलाही आलं. पण त्या मुलाला मरायला कारण होतं आणि परत येण्याची खात्री होती. दार लावून पानं कापणाऱ्या माणसाला ती कविता कुठे लावायची, ते मला कळेना. पुढे मर्ढेकर वाचले, त्यांची 'पिपांत मेले ओल्या उंदिर' ही कविता. 'जगायची पण सक्ती आहे. मरायची पण सक्ती आहे.' हे मात्र आमच्या घरातलं वाटलं, उंदीर-पिंपासकट.

पण खरं सापडलं ते तुकोबांत. 1630 च्या सुमाराचा दुष्काळ.

दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥
लज्जा वाटे जीवा त्रासलों या दुःखें । वेवसाय देखें तुटी येतां ॥

यात हंबरडा नाही. वाण्याच्या वहीसारखी एकेक नोंद आहे: पैसा गेला, मान गेला, बायको गेली, धंद्यात तूट. आणि बायको मेल्यानंतरच्या ओळीत, सरळ सरळ, लाज. मी तिथं थांबले होते. दार का लागतं, ते तीनशे वर्षांपूर्वी एका माणसानं लिहून ठेवलं होतं. दुःखाला धीर देणारे पुष्कळ भेटतात (आमच्याकडे रोज एक यायचा, चहा पिऊन जायचा), पण लाजेचं नाव घेणारा क्वचित. म्हणून मी हे वाचते. उमेद देणारी पुस्तकं मला त्या चहा पिऊन जाणाऱ्यासारखी वाटतात. अन्याय होत असेल त्यांच्यावर, होऊ दे.

आणखी एक गंमत. हा अभंगसुद्धा कुणीतरी विचारलं म्हणूनच झालेला आहे. 'नये बोलों परि पाळिलें वचन, केलियाचा प्रश्न तुम्हीं संतीं.' बोलू नये, पण तुम्ही विचारलंत. अण्णांना तसं कुणी विचारलं नव्हतं. आम्हीही नाही.

कॉलेजात असताना मी एकदा हा अभंग त्यांना वाचून दाखवला. दार लावलेलंच होतं. त्यांनी कात्री खाली ठेवून ऐकला, दुसऱ्यांदा वाचायला लावला.

'तोटा किती आला होता, लिहिलंय का?'

'नाही, आकडा नाही.'

'असं होय,' म्हणाले. मग बऱ्याच वेळानं, पानावर फर्मा ठेवता ठेवता, 'माझे सात महिन्यांचे पगार राहिले बघ मिलकडे.'

आईचे हात थांबले. तिलाही ते तेव्हाच कळत होतं.