'फ्रेश'नंतरचा स्ली स्टोन: ऐकणं कुठवर आलं

मंडळी, फंक म्हणजे ठेक्यावर उभं असलेलं अमेरिकन संगीत गाजवणारा स्ली स्टोन आणि त्याचा बँड 'स्ली अँड द फॅमिली स्टोन' यांचे अल्बम आपण ऐकतोय. मागच्या नोंदीत १९७३च्या 'फ्रेश' या अल्बमपाशी थांबलो होतो. आता त्यानंतरचे, १९७४ ते १९८२ मधले पाच अल्बम क्रमाने घेतलेत. एक बाजू पूर्ण कानात बसल्याशिवाय पुढची लावायची नाही, असा नेम ठेवलाय. पाचही ऐकून झाले आहेत. पहिल्या दोनांवर मात्र अजून मुक्काम आहे, म्हणून आजची नोंद बरीचशी त्यांच्याबद्दलच.

'फ्रेश'पर्यंतचा स्ली आपल्या सगळ्यांना पाठ आहे. 'डान्स टू द म्युझिक', 'स्टँड!', वुडस्टॉक महोत्सवातली ती मध्यरात्र उलटून गेलेली मैफल, १९७१चं 'देअर्स अ रायट गोइंग ऑन' आणि त्यातलं ऱ्हिदम बॉक्सचं, म्हणजे ठेका वाजवणाऱ्या यंत्राचं, ओलसर टकटकणं. त्यानंतरची हकिकत सगळेच एका दमात सांगून टाकतात: कोकेन, रद्द झालेले कार्यक्रम, फुटलेला बँड. ९ जून २०२५ला तो गेला तेव्हा मी वाचलेल्या बहुतेक लेखांतही १९७३च्या पुढची वर्षं एका परिच्छेदात उरकली होती. २००७ साली जुने अल्बम जादा गाण्यांसह नव्याने काढले गेले, ती मालिकासुद्धा 'स्मॉल टॉक'वर संपली. पुढचं काही त्यात नाहीच.

माझं म्हणणं एवढंच आहे: माणूस ढासळत होता हे खरं, पण त्यावरून रेकॉर्डही ढासळल्या असं न ऐकताच धरून चालणं बरोबर नाही. म्हणून या वेळी चरित्र बाजूला ठेवलं आणि दोनच गोष्टींकडे कान लावला. ठेका कसा धरलाय, आणि हॉर्न (ट्रम्पेट, सॅक्सोफोन), व्हायोलिन, कोरस यांची मांडणी कशी केलीय.

'स्मॉल टॉक', १९७४

आधी परिस्थिती लक्षात घ्या. ड्रमर ग्रेग एरिको १९७१मध्येच बाहेर पडलेला, बेसवरचा लॅरी ग्रॅहम १९७२मध्ये. आता बेसवर रस्टी ॲलन, ड्रम्सवर बिल लॉर्डन. ५ जून १९७४ला स्लीने मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हजारो प्रेक्षकांसमोर कॅथी सिल्वाशी लग्न केलं. पुढच्याच महिन्यात अल्बम आला. कव्हरवर तो, ती आणि त्यांचं बाळ. अमेरिकेच्या लोकप्रिय अल्बमांच्या यादीत तो १५व्या क्रमांकापर्यंत गेला, म्हणजे लोकांनी पाठ फिरवली होती असंही नाही. पाठ फिरवली ती नंतर, इतिहास लिहिणाऱ्यांनी.

या अल्बममधली नवी गोष्ट म्हणजे सिड पेजचं व्हायोलिन. सोल संगीतात तारवाद्यं बहुतेक वेळा गाण्यावर साय धरल्यासारखी पसरतात. इथे तसं नाही. 'टाइम फॉर लिव्हिन'' लावा आणि गायकाकडे दुर्लक्ष करून फक्त तारांकडे लक्ष द्या. 'स्टँड!'च्या काळात जे काम गिटारच्या झटक्यांनी व्हायचं, ते इथे तारा करतात. छोटे तुकडे घेतात, ड्रम्सशी झटापट करतात आणि गाणं पुढे ढकलतात. व्हायोलिनने ठेका चालवायचा ही कल्पना फंकमध्ये त्याआधी इतक्या धीटपणे कुणी राबवल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही. डिस्कोच्या लाटेत तारा सगळीकडे शिरल्या, पण त्या बहुतेक सजावटीच्या.

शीर्षकगीतात बाळाचं रडणं ऐकू येतं, स्टुडिओतल्या गप्पा ऐकू येतात, आणि त्या सगळ्याखाली बेस निवांत चालत राहतो. हे गाणं ढिलं आहे अशी तक्रार मी खूपदा वाचलीय. मला उलट वाटतं. मागे ड्रम्स अगदी नेटाने धरलेले आहेत, म्हणूनच वर एवढी मोकळीक परवडते. हेडफोनवर ऐकलंत तर हाय-हॅट (ड्रम्समधली झांजांची जोडी) कुठेही डगमगत नाही हे कळेल.

आणि 'लूज बूटी'. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवलाय. बायबलमधल्या दानिएलाच्या पुस्तकात अग्नीच्या भट्टीतून सुखरूप बाहेर आलेल्या तिघांची नावं आहेत. मराठी बायबलमध्ये ती शद्रख, मेशख आणि अबेद्‌नगो अशी येतात. तीच नावं गाणाऱ्यांच्या तोंडी घोळत राहतात: शॅड्रॅक, मीशॅक, अबेडनेगो. हाताने मोजत म्हणून बघा. दोन, दोन आणि चार अवयव, एकूण आठ. आवर्तन भरतं आणि पुन्हा समेवर येतं. नावांचा अर्थ मागे पडतो आणि त्यांचा नुसता बोल होतो. त्यावर हॉर्न येतात, बेस खालून उसळतो, आणि नावं थांबली तरी ती चालूच आहेत असं वाटत राहतं. १९८९मध्ये बीस्टी बॉइज या हिप-हॉप गटाने हेच गाणं उचलून 'शॅड्रॅक' केलं, आणि १९९२मध्ये 'टाइम फॉर लिव्हिन''ही आपल्या पद्धतीने वाजवलं. समीक्षकांनी अडगळीत टाकलेल्या अल्बममधून त्यांनी दोनदा माल काढला, ही दाद मला कुठल्याही पुरस्कारापेक्षा मोठी वाटते.

शेवटचं 'धिस इज लव्ह' पन्नाशीच्या दशकातल्या डू-वॉपच्या, म्हणजे अनेक आवाजांच्या मेळातल्या समूहगायनाच्या, चालीवर आहे. कॅलिफोर्नियातल्या व्हॅलेहोमध्ये शाळकरी वयात स्ली 'द व्हिस्केन्स' नावाच्या डू-वॉप गटात गात असे. ते कळल्यावर हे गाणं वेगळंच ऐकू येतं. इथे त्याने मुखवटा पूर्ण उतरवलाय. 'मदर ब्यूटिफुल' मात्र मला अजून भिडत नाही. चाल गोड आहे, पण गाणं जागचं हलत नाही.

'हाय ऑन यू', १९७५

जानेवारी १९७५मध्ये न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमधल्या कार्यक्रमांना सभागृहाचा जेमतेम आठवा भाग भरला आणि बँड फुटला. म्हणून हा अल्बम फक्त 'स्ली स्टोन' या नावाने निघाला. ट्रम्पेटवर सिंथिया रॉबिन्सन मात्र आहेच. सगळे पांगले तरी ती त्याच्यासोबत राहिली. ज्यांना ट्रम्पेटचा कान आहे त्यांनी या पाच अल्बमांत तिचा माग काढावा.

'आय गेट हाय ऑन यू' आर अँड बी (ऱ्हिदम अँड ब्लूज) गाण्यांच्या यादीत ३ऱ्या क्रमांकावर गेलं. संपलेल्या म्हणवल्या गेलेल्या माणसाच्या गाण्याला ही जागा मिळाली होती, हे आपण विसरतो. बेसवर विशीसुद्धा न गाठलेला बॉबी वेगा आहे, आणि त्याची बोटं किती हलकी आहेत! जोर न लावता स्वर नेमका तोडतो, त्यामुळे मधली मोकळी जागासुद्धा वाजते.

या अल्बममधलं सर्वात पक्कं काम 'क्रॉसवर्ड पझल'. ड्रम्स धावते, हॉर्न तिरपे येतात, आणि गायक दोघांच्या मधून वाट काढतो. १९८९च्या 'से नो गो'मध्ये डे ला सोल या हिप-हॉप गटाने याचाच तुकडा वापरलाय. गंमत म्हणजे 'स्मॉल टॉक'च्या २००७च्या सीडीवर याच गाण्याची आधीची आवृत्ती आहे. म्हणजे गाण्याचं बी जुन्या बँडच्या काळातच पडलं होतं, आणि 'बँड गेला तसं डोकंही गेलं' ही मांडणी इथे सरळ कोसळते. सध्या दोन्ही आवृत्त्या आलटून पालटून ऐकतोय.

'ग्रीन आइड मॉन्स्टर गर्ल' हा निव्वळ वाद्यांचा तुकडा. स्लीमधला ऑर्गनवादक एवढा मोकळा फार थोड्या ठिकाणी सापडतो. दुसऱ्या बाजूची एक-दोन गाणी भरतीची आहेत, ती सोडून दिली तरी चालेल.

'हर्ड या मिस्ड मी, वेल आय'म बॅक', १९७६

इथे माझा हात आखडतो. कव्हरवर अंगभर वाद्यं अडकवलेला एकटा स्ली आहे, आणि 'फॅमिली अगेन' हे गाणं जुन्या कुटुंबाची हाक घालतं. आवाजात उसनं हसू जाणवतं. अल्बम यादीतही आला नाही आणि एपिक कंपनीने त्याला सोडलं. 'ब्लेसिंग इन डिसगाइज' तेवढं जरूर ऐका. या काळात त्याच्यामागे गाणाऱ्या डॉन सिल्वा आणि लिन मेब्री पुढे फंकमधल्याच जॉर्ज क्लिंटनकडे जाऊन 'ब्राइड्स ऑफ फंकनस्टाइन' ही गायिकांची जोडी झाल्या, ही कडी लक्षात ठेवण्याजोगी.

'बॅक ऑन द राइट ट्रॅक', १९७९

आता कंपनी वॉर्नर, निर्माता मार्क डेव्हिस. आठ गाणी, अर्ध्या तासाच्या आत सगळं संपतं. त्याच वर्षी एपिकने त्याची साठच्या दशकातली गाणी डिस्कोच्या ठेक्यावर बसवून 'टेन इयर्स टू सून' नावाने विकायला काढली. डिस्कोचा एवढा रेटा असताना स्लीने स्वतः मात्र डिस्को केलं नाही, याचं मला फार कौतुक आहे. 'रिमेंबर हू यू आर' संथ, ठाम लयीत चालतं. 'द सेम थिंग'मध्ये त्याचा आवाज यंत्रातून गाळून येतो, तरी त्यातलं दुखणं गाळलं जात नाही. मोठा अल्बम नाही, पण स्वच्छ आहे. फंकच्या नव्या श्रोत्याला मी 'स्मॉल टॉक'नंतर थेट हाच देईन.

'एन्ट बट द वन वे', १९८२

हा स्ली आणि जॉर्ज क्लिंटन यांचा एकत्र अल्बम व्हायचा होता. क्लिंटनचं वॉर्नरशी बिनसलं, स्ली गायब झाला, आणि निर्माता स्ट्युअर्ट लेव्हीनने हाताशी होतं ते जुळवून अल्बम पुरा केला. त्यामुळे इथे स्लीचा निर्णय कुठला आणि लेव्हीनची डागडुजी कुठली हे वेगळं काढणं अवघड आहे. 'हू इन द फंक डू यू थिंक यू आर'मध्ये खरी धग आहे. किंक्स या ब्रिटिश रॉक बँडचं 'यू रियली गॉट मी' हाती घेण्याचं कारण मला अजून उमगलेलं नाही. स्ली आणि क्लिंटनची जोडी खरी ऐकायची असेल तर क्लिंटनच्या फंकाडेलिक बँडच्या १९८१च्या 'द इलेक्ट्रिक स्पँकिंग ऑफ वॉर बेबीज'वर जा, तिथे स्ली पाहुणा आहे आणि खुशीत आहे.

पुढचं काम ठरलंय. आधी 'लूज बूटी'ची मूळ आणि २००७च्या सीडीवरची वेगळी आवृत्ती शेजारी ठेवून बेस उतरवून घ्यायचा. मग त्याची पाहुणेगिरी: जेसी जॉन्सनसोबतचं १९८६चं 'क्रेझे', आणि अर्थ, विंड अँड फायरच्या १९९०च्या 'हेरिटेज'वरचं गाणं. १९७९ आणि १९८२च्या अल्बमांच्या मूळ अमेरिकन एलपी कुणाकडे असतील, तर आतल्या पाकिटावरची वादकांची नावं मला वाचून कळवा. सिंथियाचं ट्रम्पेट कुठे कुठे आहे त्याच्या यादीसाठी हवी आहेत.