तुम्ही विचारलंत म्हणून: डेमोसीनमध्ये शिरायचं तर आधी काय शिकायचं?

"डेमो करायचाय. आधी असेंब्ली शिकू की सी++? आणि गणित किती लागतं?" हा प्रश्न मला वरचेवर येतो. माझं उत्तर असं: असेंब्ली, म्हणजे मशीनच्या अगदी जवळची भाषा, आत्ता नको; गणित शाळेतल्या साइन-कोसाइनपुरतं चालेल, आणि पहिला इफेक्ट एका बैठकीत पडद्यावर येऊ शकतो.

डेमोसीन म्हणजे डेमो बनवणारी मंडळी, आणि डेमो म्हणजे व्हिडिओ नव्हे. पडद्यावरची प्रत्येक फ्रेम प्रोग्राम त्या घडीला मोजून काढत असतो, संगीताच्या तालावर. कॉमोडोर ६४ आणि अमिगा या जुन्या घरगुती संगणकांच्या काळात गेमचं कॉपी-संरक्षण तोडणारे गट गेमच्या आधी स्वतःच्या नावाची छोटी इंट्रो जोडत. हळूहळू गेम बाजूला पडला आणि इंट्रोच स्वतंत्र कला झाली. फिनलंडने २०२० साली आणि जर्मनीने २०२१ साली तिची नोंद आपल्या जिवंत सांस्कृतिक वारशात केली.

नवीन माणूस बहुतेक वेळा 'एलिव्हेटेड' बघून येतो. २००९ सालची ही इंट्रो ४०९६ बाइटमध्ये बर्फाळ डोंगररांगा, पाणी आणि संगीत असं सगळं बसवते. ती बघून भारावून जाणं साहजिक आहे, पण तिथून सुरुवात करू नका. इतक्या कमी जागेत कोड बसवणं ही स्वतंत्र विद्या आहे. त्यासाठी क्रिंकलरसारखे खास कॉम्प्रेसर लागतात, आवाज निर्माण करणारा चिमुकला सिंथ लागतो. आधी दाखवण्याजोगं काहीतरी तयार व्हायला हवं, मग ते लहान करता येतं.

म्हणून मी शेडरटॉय ही वेबसाइट उघडायला सांगतो; शेडर म्हणजे प्रत्येक पिक्सेलचा रंग ठरवणारा छोटा प्रोग्राम. इनिगो किलेझ आणि पोल जेरेमियास यांनी ही साइट २०१३ साली सुरू केली. इन्स्टॉल काही करावं लागत नाही, ब्राउझर पुरतो. तुम्ही एकच फंक्शन लिहिता आणि ते प्रत्येक पिक्सेलसाठी वेगळं चालतं. त्याला एवढंच कळतं की आपण पडद्यावर कुठे आहोत आणि किती सेकंद झाले. त्यावरून आपला रंग सांगायचा. शेजारच्या पिक्सेलचं काय चाललंय हे त्याला माहीत नसतं. 'आधी वर्तुळ काढ, मग ते भर' अशी सवय असलेल्यांना हे सुरुवातीला जड जातं. 'मी वर्तुळाच्या आत आहे का?' असं प्रत्येक पिक्सेलने स्वतःला विचारायचं असतं. हा उलटा विचार अंगवळणी पडणं हीच खरी सुरुवात, असं मला वाटतं.

पहिला इफेक्ट प्लाझ्मा. आडव्या जागेत वेळ मिळवून त्याचा साइन घ्या, उभ्या जागेचा घ्या, मध्यापासूनच्या अंतराचा घ्या, तिन्हींची बेरीज करा आणि त्या बेरजेवरून रंग ठरवा. पडद्यावर रंग वाहू लागतात. मग आकडे बदलत बसा, आणि हे बसणं मनापासून करा. जुन्या मशीनवर दर पिक्सेलला साइन काढणं परवडत नसे, म्हणून किमती आधीच मोजून तक्त्यात ठेवत. दुसरा इफेक्ट बोगदा: आडव्या-उभ्या जागेऐवजी कोन आणि मध्यापासूनचं अंतर वापरा, आणि एक भागिले अंतर म्हणजे खोली समजा. बस्स, तुम्ही आत ओढले जाता.

तिसरी पायरी रेमार्चिंग, आणि ती माझी सर्वांत लाडकी. इथे त्रिकोण नसतात, मॉडेल नसतं. असतं फक्त एक अंतर-फंक्शन: अवकाशातला बिंदू द्या, सर्वांत जवळचा पृष्ठभाग किती दूर आहे ते परत मिळतं. गोलासाठी ते केंद्रापासूनचं अंतर वजा त्रिज्या. प्रत्येक पिक्सेलमधून एक किरण निघतो आणि विचारतो, जवळचं काही किती लांब आहे? उत्तर आलं तेवढं पुढे सरकणं सुरक्षित, कारण त्याच्या आत कुठलाच पृष्ठभाग नाही. पुन्हा विचारतो, पुन्हा सरकतो. अंतर जवळजवळ शून्य झालं की वस्तू लागली. दोन आकार एकत्र हवेत? दोन अंतरांतलं लहान घ्या. फक्त सामाईक भाग हवा? मोठं घ्या. बिंदूच्या निर्देशांकांना एखाद्या संख्येने भागून बाकी तेवढी वापरली की एका गोलाचे असंख्य गोल होतात, आणि कोड वाढतो जेमतेम एका ओळीने. ४०९६ बाइटमध्ये अख्खं जग कसं मावतं, याचा बराचसा उलगडा इथे होतो.

शेडर नकोच असेल तर टिक-८० घ्या, म्हणजे आपल्या संगणकावर प्रोग्राम म्हणून चालणारा एक काल्पनिक छोटा गेम-कन्सोल. २४० बाय १३६ पिक्सेल, १६ रंग, लुआ भाषा. मर्यादा इतकी ठसठशीत आहे की कुठे थांबायचं ते आपोआप कळतं.

इथवर आल्यावर बरेच जण आणखी एक इफेक्ट, आणखी एक इफेक्ट करत राहतात. मी म्हणेन, तीन इफेक्ट झाले की संगीत घ्या. स्वतःचं नसेल तर एखाद्या संगीतकाराला विचारा, परवानगीने. मिनिटाला १२० ठोके म्हणजे दर अर्ध्या सेकंदाला एक. दृश्य ठोक्यावर बदला, ठोक्यावर प्रकाश वाढवा. साधा प्लाझ्माही तालावर हलला की प्रेक्षक मान डोलावतो, आणि उत्तम रेमार्चर ताल सोडून फिरला की फिका वाटतो.

मिनिटभराचा डेमो झाला की तो डेमोपार्टीला, म्हणजे डेमोंच्या स्पर्धा भरतात त्या मेळ्याला, पाठवा. जर्मनीत सारब्रुकेनला ईस्टरच्या सुट्टीत 'रिव्हिजन' भरते. स्वतः न जाता एन्ट्री पाठवता येते का, ते त्या वर्षीच्या नियमांत बघा. तिथली शेडर शोडाउन मात्र जरूर पाहा: दोघं जण मंचावर २५ मिनिटांत रिकाम्या पानापासून शेडर लिहितात, आणि कोड व चित्र दोन्ही प्रेक्षकांसमोर घडत जातं. कुठली ओळ आधी येते, काय पाठ असतं, कुठला आकडा कितीदा बदलला जातो, हे तिथे दिसतं. ज्यांच्या कामातून शिकलात त्यांची नावं डेमोच्या शेवटी ग्रीटिंग्जमध्ये घाला. सीनची ही जुनी रीत आहे, आणि पहिल्या डेमोपासून तिचा हक्क तुम्हालाही आहे.