झडप, हिसका आणि एक जिलबी

भाची सुट्टीत इंदूरला आली की आमच्या घरी शिकवणी सुरू होते, ती स्पॅनिश शिकतेय आणि मी तिच्या नादानं वही घेऊन बसते, "या वयात कशाला?" हे ह्यांचं विचारून झालंय. परवा गाडी अडली इंग्रजीतल्या ग्रॅब आणि स्नॅचवर, त्यांना स्पॅनिशमध्ये काय म्हणायचं यावर. मला वाटलं दोन्ही एकच. रविवार होता, पोहे-जिलबी चालू होती, तेवढ्यात तिच्या धाकट्या भावानं तिच्या बशीतली शेवटची जिलबी उचलली आणि ती ओरडली, "मावशी, हे बघ, हे स्नॅच!"

मला नाही पटलं. हिसकावायला समोरच्याची मूठ आवळलेली लागते, ही जिलबी तर बशीत निवांत पडली होती. झडप म्हणा, घार घालते तशी. ढापणं म्हणावं तर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झालं. आपल्याकडं किती बारीक हिशोब असतो बघा, इंग्रजीत एका स्नॅचमध्ये सगळं उरकतं, चेन ओढणारा चोर काय नि जिलबीवाला काय.

स्पॅनिशमध्ये ग्रॅबला आगार्रार, त्यात गार्रा म्हणजे नख्यांचा पंजा, हे मला फार आवडलं. स्नॅचला आर्रेबातार. आणि आर्रांकार म्हणजे उपटून काढणं, पण गाडी चालू करायलाही तेच! ह्यांची जुनी स्कूटर रोज सकाळी किका मारमारून अक्षरशः उपटावीच लागते, तेव्हा स्पॅनिशवाल्यांचं बरोबरच आहे म्हणायचं. वेटलिफ्टिंगमधला स्नॅच, म्हणजे वजन जमिनीवरून एका दमात थेट डोक्यावर, त्याला पण आर्रांकादा म्हणतात.

कोखेर, म्हणजे पकडणं, हा शब्द मात्र जपून. स्पेनमध्ये त्यानं बस पकडतात, मेक्सिको-अर्जेंटिनात तो शब्द चारचौघांत काढायचा नाही. का ते भाचीनं सांगितलं नाही, नुसती लाल झाली, मग मीही विचारलं नाही.

हल्ली ही पोरं "कॉफी ग्रॅब करू" म्हणतात, कॉफी काय पळून चाललीय का? स्पॅनिशमध्ये कॉफीला तोमार लावतात, म्हणजे घेणं आणि तेच पिणं, म्हणजे अगदी आपलं "चहा घेणार का?" झालं की! हे ऐकून ह्यांनी लगेच पेपरातून मान वर काढून "मी घेणार" म्हटलं, जिलबीचं भांडण आत अजून चालूच होतं.